खोक्यावरचा शिक्का

बडोदे शहराच्या दक्षिण अंगाला तरसाली आहे आणि तिच्या शेजारीच मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत पसरली आहे. या भागातून यंत्रे आणि यंत्रांचे सुटे भाग परदेशी जातात, आणि असे एखादे अवजड यंत्र निघावयाचे झाले की प्रथम त्याच्याभोवती देवदारी फळ्यांचा खोका ठोकावा लागतो. एके काळी लाकूड भक्कम असले आणि खिळा नीट बसला की सुताराचे काम संपत असे. आता तसे राहिलेले नाही. खोका न्हावाशेव्याच्या किंवा मुंद्र्याच्या बंदरावर पोचण्यापूर्वी त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंवर एक शिक्का उमटावा लागतो: गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, भारताची खूण म्हणून 'आय एन' ही अक्षरे, मान्यताप्राप्त कारखान्याचा क्रमांक, आणि उष्णतेची प्रक्रिया झाली हे सांगणारी 'एच टी' ही दोन अक्षरे. हा शिक्का नसेल तर आतले लाखमोलाचे यंत्र चार फळ्यांपायी परक्या बंदरात अडकून पडते. कधी खोका जाळून टाकतात, कधी सबंध माल परत पाठवितात.

एवढा कडक निर्बंध कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लाकडाच्या पोटात दडलेले आहे. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काळ्या तुकतुकीत अंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा आणि लांब मिशांचा एक भुंगेरा आढळला. तो मूळचा पूर्व आशियातला. त्याची अळी जिवंत झाडाचे खोड आतून पोखरते. त्याला आवरण्यासाठी अमेरिकेत रस्त्याकडेची आणि बागांतली हजारो झाडे तोडावी लागली. पुढे २००२ साली डेट्रॉइट शहराच्या परिसरात हिरव्या रंगाचा दुसरा एक भुंगेरा सापडला. जेमतेम अर्ध्या इंचाचा हा जीव. परंतु त्याच्या अळ्यांनी सालीखालचे रसवाहक थर कुरतडून 'ॲश' जातीचे कोट्यवधी वृक्ष मारले. हे दोन्ही पाहुणे मालाच्या खोक्यांच्या लाकडातून समुद्र ओलांडून आले असावेत, असे तज्ज्ञ मानतात. त्यांचे नैसर्गिक शत्रू मात्र मागे मायदेशीच राहिले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली १९५१ साली वनस्पती संरक्षणाचा एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच कराराखाली २००२ साली लाकडी वेष्टनांसंबंधीचे पंधरावे मानक स्वीकारण्यात आले. त्यातील मुख्य अट एका वाक्यात सांगता येते: लाकडाच्या गाभ्याचे तापमान किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे राहिले पाहिजे.

अट सांगावयास सोपी. पाळावयास तितकी सोपी नाही. भट्टीतली हवा ५६ अंशांना पोचणे वेगळे आणि चार इंची वाशाचा गाभा ५६ अंशांना पोचणे वेगळे. लाकूड हे उष्णतेचे मंद वाहक आहे. त्यात ते ओले असेल तर आणखीच वेळ घेते. म्हणून खोक्याच्या तळाशी यंत्राचा भार पेलणारा जो सर्वांत जाड वासा, त्याला छिद्र पाडून तापमापकाची सळई थेट गाभ्यापर्यंत घालतात आणि बाहेरची ऊन हवा आत शिरून खोटा आकडा दाखवू नये म्हणून छिद्राचे तोंड बुजवितात. भट्टीचा जो कोपरा सर्वांत उशिरा तापतो, तेथेही एक तापमापक असावा लागतो. सर्वांत थंड तापमापक ५६ वर आला की मग घड्याळ लावावयाचे. मध्येच वीज गेली आणि पारा खाली उतरला, तर मोजलेली पंचवीस मिनिटे वाया गेली असे समजून पुन्हा पहिल्यापासून मोजावयाचे. तापमानाची नोंद जपून ठेवावी लागते. भट्टीला मान्यता आणि क्रमांक केंद्र सरकारचे वनस्पती संरक्षण संचालनालय देते. ज्याच्याकडे असा क्रमांक नाही, त्याने लाकूड मान्यताप्राप्त भट्टीकडेच नेले पाहिजे.

यातली खरी मेख अशी की ५६ अंशांची ऊब लाकडावर कोणतीही खूण ठेवीत नाही. भट्टीतून निघालेली फळी आणि भट्टी न पाहिलेली फळी शेजारी ठेवल्या, तर जुना जाणता सुतारही फरक सांगू शकणार नाही. बंदरावरचा अधिकारी साल पाहू शकतो, किडीची भोके पाहू शकतो. अर्ध्या तासाचा हिशेब तो कसा पाहणार? तो शिक्क्यावर विश्वास ठेवतो. आणि शिक्का तर साधा रबराचा किंवा तापल्या लोखंडाचा असतो. ट्रक दाराशी उभा आहे, जहाजाची तारीख उद्यावर आली आहे, अशा वेळी लाकूड न तापविताच तो उमटविण्याचा मोह होतो. तो मोह क्षुद्र म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याची किंमत मोजणारे रान हजारो मैल दूर असते आणि मोह झालेल्या माणसाला ते कधीच दिसत नाही. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी खोक्यांनाही भारताने २००३ सालच्या आदेशान्वये हीच अट घातली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी देण्याचा दुसरा मार्गही मानकात आहे. परंतु तो वायू विषारी आणि ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे त्याचा वापर कमी करण्याकडेच जगाचा कल आहे. प्लायवुडला यातले काहीच लागत नाही, कारण ते बनतानाच उष्णता आणि दाब सोसून आलेले असते. सहा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ फळीलाही सूट आहे.

तापविलेल्या लाकडाला पुढे वाळवी लागणारच नाही, असे मात्र नव्हे. प्रक्रियेने आत असलेली कीड मरते. नवी येण्याला ती कायमचा प्रतिबंध करीत नाही. म्हणूनच साल काढून टाकण्याचा आग्रह आहे, कारण सालीच्या आडोशाला भुंगेरे पुन्हा अंडी घालतात. जुन्या पॅलेटची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. परदेशातून माल घेऊन आलेली पॅलेट दुरुस्त करून पुन्हा वापरली जाते. एक-दोन फळ्या बदलावयाच्या तर प्रक्रिया केलेल्याच फळ्या घालाव्या लागतात. परंतु एक तृतीयांशाहून अधिक फळ्या बदलल्या, तर ती नवी पॅलेट समजली जाते. मग सुताराने रंधा घेऊन जुना शिक्का पुरता खरवडून काढावयाचा, आणि पॅलेट पुन्हा भट्टीत घालावयाची.