भूमध्यसागराकांठचें उघडें स्वयंपाकघर

फ्रान्स देशाच्या आग्नेय टोकाशीं, इटलीची सरहद्द जवळ येऊन ठेपते त्या किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तें नांवाचें गांव आहे. आल्प्सच्या रांगा तेथें थेट समुद्राला भिडलेल्या असून सपाट जमीन फार थोडी. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या जमिनींत लिंबाचीं झाडें उभीं असतात. अशाच एका खडकाळ उतारावर, जेथवर गाडीरस्ता पोंचत नव्हता, १९२६ ते १९२९ या काळांत एक पांढरें घर बांधलें गेलें. तें योजिलें आयलीन ग्रे या आयर्लंडमध्यें जन्मलेल्या बाईंनीं. त्या वेळीं त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. लाखेचें रोगणकाम, गालिचे आणि घरांतील सामानसुमान यांकरितां पॅरिसमध्यें त्यांचा लौकिक होता. वास्तुशास्त्राचें रीतसर शिक्षण मात्र त्यांनीं घेतलेलें नव्हतें. त्यांचे स्नेही जाँ बादोविची हे वास्तुशास्त्रज्ञ व एका वास्तुविषयक त्रैमासिकाचे संपादक होते. त्यांच्यासाठीं आणि त्यांच्या साह्यानें हें घर झालें, आणि दोघांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ई-१०२७’ असें कोड्यासारखें नांव पडलें.

या घराविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; पण बहुतेक लेखकांचें लक्ष बैठकीच्या खोलीकडे, तिच्यांतील खुर्च्यांकडे आणि समोरच्या निळ्या पाण्याकडे गेलें. संसारी माणसानें पाहण्याजोगी गोष्ट त्या घराच्या दुसऱ्या अंगाला आहे. बैठकीची खोली दक्षिणेस, समुद्राकडे तोंड करून आहे. स्वयंपाकघर तिच्या उलट बाजूस, डोंगराकडच्या अंगाला, प्रवेशाजवळ आहे. आणि तें मुख्य घरापासून जणूं तोडून काढलेलें आहे. त्याच्या एका बाजूला भिंतीऐवजीं कांचेचीं घडीचीं तावदानें आहेत. तीं मिटलीं म्हणजे स्वयंपाकघर अंगणांतला एक कोनाडा होऊन जातें. तीं पसरलीं म्हणजे थंडीच्या दिवसांत बंद खोली तयार होते. १९२९ सालीं त्या त्रैमासिकाच्या खास अंकांत घराचें वर्णन आलें. त्यांत या योजनेचें मूळ सांगितलेलें आहे तें असें कीं, त्या भागांतील शेतकरी बायका उन्हाळ्यांत बाहेर रांधतात आणि हिंवाळ्यांत आंत. म्हणजे त्या काळच्या अत्यंत आधुनिक अशा घरानें आपलें स्वयंपाकघर शेजारणींपासून घेतलें होतें.

त्या शेजारणींची रीत हवामानांतून आलेली आहे. भूमध्यसागराच्या कांठीं पाऊस पडतो तो मुख्यतः शरदांत व हिंवाळ्यांत. जून, जुलै, ऑगस्ट हे महिने बहुधा कोरडे जातात. कोंकणांत याच्या अगदीं उलट. ऐन जून-जुलैंत तेथें चुलीवर छप्पर आणि पडवीला झडप लागते. म्हणून तिकडचें उघडें स्वयंपाकघर चित्रांत पाहून जसेंच्या तसें इकडे आणतां येणार नाहीं. पण जेथें तें शोभतें तेथें तें कसें मांडावें, याचा विचार मोठा बोधप्रद आहे.

आज त्या किनाऱ्यावर घर घेणाऱ्या माणसाची पहिली इच्छा ठरलेली असते: शेगडी समुद्रासमोर असावी, म्हणजे रांधतां रांधतां पाणी दिसेल. इच्छा साहजिक आहे, पण तिच्या पोटांत चूक दडलेली आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षां लवकर तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा भरून काढण्यास समुद्रावरची गार हवा किनाऱ्याकडे धांवते. हेच शाळेच्या पुस्तकांतले खारे वारे. दुपारच्या जेवणाच्या सुमारास ते चांगले जोरांत असतात. अशा वेळीं समुद्र आणि घर यांच्या मधोमध चूल असली तर सगळा धूर बैठकींत शिरतो. मासळीचा वास पडद्यांना दिवसच्या दिवस सोडीत नाहीं. चूल डोंगराकडच्या अंगाला असली तर तोच वारा घरावरून येऊन धूर वर डोंगराकडे घेऊन जातो. रात्रीं उशिरां मतलई वारे सुटून प्रवाह उलटा होतो. तथापि ते मंद असतात आणि तोंवर विस्तव विझलेला असतो. तरीही सावधगिरी म्हणून चूल घराच्या अगदीं पाठीशीं न ठेवतां जराशी एका कुशीला सारावी, हें उत्तम.

हा नियम सर्वत्र डोळे झांकून लावतां येत नाहीं. प्रोव्हान्समध्यें ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून ‘मिस्त्राल’ नांवाचा कोरडा, थंड वारा वायव्येकडून येतो आणि कित्येक दिवस हटत नाहीं. ग्रीसच्या इजियन बेटांवर उन्हाळ्यांत उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वाहतो. तेथें अंगणाच्या भिंती उंच लागतात, आणि भट्टीचें तोंड वाऱ्याकडे पाठ करूनच ठेवावें लागतें. ग्रेबाईंनीं घर योजण्यापूर्वीं त्या जागीं ऊन कसें फिरतें व वारा कोठून येतो हें प्रत्यक्ष राहून पाहिलें होतें. सामान्य माणसानेंही एवढें करावें कीं, पक्कें बांधकाम काढण्याआधीं एक सबंध उन्हाळा हलती शेगडी अंगणांत इकडेतिकडे ठेवून पाहावी. गवंड्याला बोलावण्यापूर्वीं धुराला विचारावें.

वाऱ्यानंतर ऊन. घराच्या उत्तरेला सांवली असणारच, असें समजून पुष्कळजण फसतात. त्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ७० अंश वर असतो. तीन मीटर उंचीच्या भिंतीची सांवली तेव्हां जेमतेम एक मीटर पडते. ओट्याशीं उभें राहणाऱ्याची पाठ उन्हांतच राहते. म्हणून त्या किनाऱ्यावर शतकानुशतकें द्राक्षाच्या वेलीचा मांडव घालतात. उन्हाळ्यांत पानें दाट असतात. हिंवाळ्यांत तीं गळून जातात आणि हवेंसें वाटणारें ऊन अंगणांत येतें. मात्र मांडव चुलीच्या डोक्यावर येऊं देऊं नये, आणि धुराडें मांडवाच्या वर निघालें पाहिजे.

तिसरा शत्रू मीठ. समुद्राच्या तुषारांनीं साधें लोखंड एका पावसाळ्यांत गंजतें. न गंजणारें म्हणून मिळणारें सामान्य पोलादही किनाऱ्यावर तांबूस डागाळतें; ज्यांत मॉलिब्डेनम मिसळलेलें असतें तें, म्हणजे बाजारांत ३१६ या क्रमांकानें ओळखलें जाणारें, अधिक टिकतें. ओट्यासाठीं संगमरवर दिसावयास सुंदर. पण त्या देशांत लिंबाचा रस आणि शिरका पदोपदीं लागतो आणि हीं दोन्ही आम्लें संगमरवराला खातात. चकचकीत भाजलेली फरशी किंवा कठीण काळा दगड तेथें बरा. घर जर पाणी आणि चूल यांच्या मध्यें उभें असेल तर बरेंच मीठ तें स्वतःच्या अंगावर झेलतें. मागच्या अंगणाचा हा दुसरा फायदा.

ओट्याची कल्पना नवी नाहीं. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलेलें पाँपेई शहर पुढें उकरून काढण्यांत आलें. तेथील घरांत विटादगडांचा, कमरेइतका उंच चुलीचा ओटा आढळतो. वर कौलांची फरशी, तिच्यावर निखारे, निखाऱ्यांवर लोखंडी तिवई आणि तिवईवर भांडें. ओट्याखालीं कमानीचा पोकळ कोनाडा सरपणासाठीं. कित्येक घरांच्या बागांत उन्हाळ्यांत बाहेर जेवण्याकरितां दगडी बैठकी बांधलेल्या आहेत. आज कोणी तेथें ९० सेंटिमीटर उंचीचा ओटा बांधून त्याखालीं लांकडांची जागा सोडली तर तो दोन हजार वर्षांची परंपराच चालवीत असतो.

चुलीच्या जोडीला भट्टी असली तर उघड्या स्वयंपाकघराचें खरें सुख मिळतें. ती घुमटाकार बांधतात, आणि तिच्या दाराची उंची घुमटाच्या आंतील उंचीच्या ६० ते ६५ टक्के राखतात. दाराच्या खालच्या भागांतून गार हवा आंत जाते, वरच्या भागांतून धूर बाहेर पडतो आणि घुमटाच्या माथ्याची धग कोंडलेली राहते. दार याहून उंच केलें तर उष्णता निसटते, ठेंगणें केलें तर विस्तव गुदमरतो. एकदां तापलेली भट्टी कित्येक तास निवत नाहीं. तेव्हां शहाणी गृहिणी तिचा क्रम लावते. प्रथम कडक आंचेवर पातळ भाकऱ्या, मग पाव, आणि शेवटीं उरल्या उबेवर कडधान्य. ग्रीसमधील सिफ्नॉस बेटावर शनिवारीं रात्रीं काबुली हरभरे, कांदा आणि ऑलिव्हचें तेल मातीच्या झांकणाच्या भांड्यांत घालून भट्टींत ठेवतात. रात्रभर ते शिजत राहतात आणि रविवारीं देवळांतून परत आल्यावर भांडें उघडतात. स्पेनच्या वालेन्सिया प्रांतांत ‘पाएया’ या भाताची कढई रुंद व उथळ असते. म्हणून तिच्यासाठीं तीन बाजूंनीं भिंत असलेली, वर धुराडें असलेली रुंद चूल अंगणांत वेगळी बांधतात आणि संत्र्याच्या झाडाचें लांकूड जाळतात. ज्या घरीं जें शिजतें त्यावरून चुलीचा आकार ठरतो. दुकानांतील नमुन्यावरून ठरवूं नये.

येथवर सर्व गोड झालें. परंतु त्या कोरड्या उन्हाळ्याची दुसरी बाजू भयंकर आहे. २३ जुलै २०१८ रोजीं ग्रीसची राजधानी अथेन्सच्या पूर्वेस, माटी नांवाच्या किनाऱ्यावरील वस्तींत डोंगराकडून वणवा आला. वारा जोराचा आणि समुद्राच्या दिशेचा होता. पाइन वृक्षांमध्यें विखुरलेलीं तीं विश्रांतीचीं घरें थोड्याच वेळांत पेटलीं; लोक पाण्याकडे धांवले, पण वाटा अरुंद होत्या. शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. म्हणून फ्रान्सच्या वनकायद्यांत रानापासून २०० मीटरच्या पट्ट्यांत विस्तव करण्यावर निर्बंध आहेत, आणि ग्रीसमध्यें उन्हाळ्याच्या महिन्यांत उघड्यावरील विस्तवावर कडक बंधनें असतात. उघड्या स्वयंपाकघराचा आराखडा करतांना पाइनच्या फांद्या, वाळलेलें गवत आणि लांकडांचा ढीग चुलीपासून दूर ठेवणें, धुराड्यावर ठिणग्या अडविणारी जाळी बसविणें, हाताशीं पाण्याचा नळ ठेवणें या गोष्टी शोभेच्या आधीं येतात. जोराच्या वाऱ्याच्या दिवशीं चूल पेटवूं नये, हा नियमही आराखड्याचाच भाग समजावा. त्या दिवसासाठीं आंत एक लहानशी शेगडी असावीच. ग्रेबाईंच्या घडीच्या तावदानांत ही दुहेरी सोय होती.

आतां राहिला तो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: त्या ओट्याशीं उभें कोण राहणार? ई-१०२७ मध्यें मोलकरणीसाठीं एक खोली होती, आणि ती घरांतील सर्वांत लहान खोल्यांपैकीं होती. स्वयंपाकघर बैठकीपासून तोडल्यानें धूर व वास दूर राहिला हें खरें. पण त्याबरोबर रांधणारीही दूर राहिली. बैठकींत हशा पिकला तर तिला तो भिंतीपलीकडूनच ऐकूं येणार. ज्या शेतकरी बायकांपासून ही रीत घेतली त्यांचें बाहेरचें रांधणें मात्र एकाकी नव्हतें. अंगण म्हणजे त्यांच्या घराचें तोंड. तेथें शेजारीण येतां जातां थांबे, मुलें पायांत घोटाळत, म्हातारी कोपऱ्यांत शेंगा सोलीत बसे. ग्रेबाईंनीं चुलीची जागा अचूक हेरली. तिच्याभोंवतींचीं माणसें मात्र आराखड्यांत उतरलीं नाहींत, आणि याचा दोष एकट्या त्यांना देणें योग्य होणार नाहीं; त्या काळीं युरोपांतील सुखवस्तु घरांचा तो सर्वसाधारण शिरस्ता होता.

म्हणून आज असें स्वयंपाकघर योजणाऱ्यानें कागदावर प्रथम चूल काढूं नये; चुलीशीं उभें राहणारें माणूस काढावें. त्याच्या डोक्यावर सांवली आहे काय, धूर त्याच्या डोळ्यांपासून दूर जातो काय, पाणी आणि सरपण दोन पावलांवर आहे काय, हें पाहावें. मग जेवणाचें टेबल चुलीच्या वाऱ्याकडच्या बाजूस, बोललेलें सहज ऐकूं येईल इतक्या अंतरावर मांडावें. समुद्र दिसावयाचा तर तो घराच्या कडेनें, दोन भिंतींमधून दिसला तरी पुरे. रांधणाऱ्याला समोर माणसें दिसलीं पाहिजेत.

ई-१०२७ या घराचे पुढें फार हाल झाले. ग्रेबाईंनीं तें लवकरच सोडलें. त्यांचें निधन १९७६ सालीं पॅरिसमध्यें झालें. ओस पडून मोडकळीस आलेलें हें घर १९९९ सालीं फ्रान्सच्या किनारा-संरक्षण संस्थेनें घेतलें आणि कित्येक वर्षांच्या दुरुस्तीनंतर तें लोकांना पाहण्यास खुलें झालें. येणारे प्रवासी साहजिकच प्रथम गच्चीवर जाऊन समुद्र पाहतात. जो कोणी त्यांच्यांतून मागें वळून डोंगराकडच्या अंगाला जाईल, त्याला तेथें कांचेच्या तावदानांमागें एक लहानसा ओटा दिसेल. आणि या ओट्याशीं उभें राहून जेवण करणारीला दुपारच्या वेळीं वारा लागत असेल काय, असा प्रश्न त्यानें क्षणभर स्वतःला विचारावा.