चंद्रावरची धूळ आणि कामगाराची छाती



आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. चंद्राशी आमचे नाते काय, असे कोणी विचारील. नाते धुळीचे आहे.

डिसेंबर १९७२ मध्ये 'अपोलो १७'चे सर्नन आणि श्मिट चंद्रावर उतरले. यानात परतून शिरस्त्राण काढल्यावर श्मिटचे नाक चोंदले, घसा खवखवला. तो भूगर्भशास्त्रज्ञ, धूळ त्याला नवी नव्हती. पण तिथे वारा नाही, पाणी नाही, म्हणून कणांच्या कडा झिजत नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखे ते धारदार राहतात, कापडाला चिकटतात, ब्रशानेही पुरते निघत नाहीत. श्मिटचा त्रास लवकर ओसरला. मुक्कामही तीनच दिवसांचा. परंतु दगडखाणीतल्या माणसालाही पहिल्या दिवशी नुसत्या शिंकाच येतात. छाती निकामी होते ती वर्षांनी.

नाकाला फडके बांधा, हा मालकांचा जुना सल्ला. आम्ही म्हणतो, धूळ नाकापर्यंत येऊच देऊ नका. अंतराळपोशाख यानाबाहेरच टांगून माणसाने पाठीच्या दारातून त्यात शिरावे, ही 'नासा'तली कल्पना म्हणूनच आम्हाला पटते. कामाचे कपडे घरी न्यावे लागू नयेत, खात्याशेजारी न्हाणीघर असावे, ही आमची मागणी याहून निराळी कुठे होती? (एका मालकाला ती चैन वाटली!)

सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी 'नासा'ने दर घनमीटर हवेत ०.३ मिलिग्रॅम बारीक धुळीची मर्यादा ठरवली आहे. ठीक. पण ती ओलांडली गेली, तर काम थांबवण्याचा हक्क कोणाचा? तिथून पाळी संपवून घरी जाता येत नाही.