शाळेत बोबडी वळते तेव्हा

माणूस घाबरला की त्याची बोबडी वळते, असं आपण म्हणतो. पण समोर वाघ नाही, पोलीस नाही. फळा आहे, बाई आहेत, चाळीस मुलं आहेत. तरीही एखाद्या लेकराची बोबडी रोज सकाळी वळते आणि शाळा सुटेपर्यंत तशीच राहते. आज अशा मुलांविषयी बोलायचं आहे.

आमच्या खारदांड्यात, आमच्याच गल्लीत, दुसरीतली एक मुलगी आहे. घरी तिचं तोंड मिटत नाही. आजीबरोबर बोंबील वाळत घालताना भावंडांवर हुकूम सोडते. शाळेच्या फाटकात पाय ठेवला की गप्प. हजेरीला 'हजर' नाही. लघवीला जायचंय, हेसुद्धा सांगता येत नाही. पहिलीत दोनदा बाकावरच झाली. मग कोणी तिला 'मुकी' म्हणे, कोणी 'घुमी', कोणी 'हट्टी'. घरी ही पोपटासारखी बोलते, असं आई सांगे, तर शाळेत कुणाला ते खरं वाटत नसे.

वैद्यकशास्त्र याला 'सिलेक्टिव्ह म्यूटिझम' म्हणतं. १८७७ साली अडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरांनी याला नाव दिलं, त्याचा अर्थ 'ऐच्छिक वाचाहीनता'. १९३४ मध्ये मोरिट्झ ट्रामर यांनी 'इलेक्टिव्ह' म्हटलं, म्हणजे स्वतः निवडलेलं मौन. दोष पुन्हा मुलाच्याच माथी. १९९४ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत 'सिलेक्टिव्ह' आलं, म्हणजे ठरावीक प्रसंगीच येणारं. आणि २०१३ च्या आवृत्तीत त्याची गणना चिंताविकारांत झाली. मूल बोलत नाही असं नाही, त्याला तिथं बोलता येत नाही, हे मान्य व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. आम्ही कवी मंडळी मौनाचे फार गोडवे गातो. या मौनात काव्य नाही, नुसती भीती आहे.

प्रत्येक गप्प मूल मात्र या आजाराचं नसतं. आमच्या मोहल्ल्यातली मुलं घरी उर्दूमिश्रित हिंदी बोलतात, कोळीवाड्यातली कोळी बोली, आणि वर्गात समोर येते पुस्तकी मराठी किंवा इंग्रजी. नवी भाषा कानात मुरेपर्यंत मूल काही महिने गप्प राहतं, ते स्वाभाविक आहे. शाळेचा पहिला महिनाही सोडून द्यावा. पण त्यानंतर महिनाभराहून अधिक काळ, अवगत भाषेतसुद्धा मूल शाळेत बोलत नसेल, तर थांबू नये. आधी कान तपासून घ्यावेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथं ही सोय आहे. मग बालमानसतज्ज्ञ. कुठं जावं कळत नसेल, तर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६.

शाळेत सर्वांत मोठी चूक होते ती 'बोल ना, बोल' या आग्रहाची. आग्रह वाढला की भीती वाढते. उभं करून ठेवणं, 'बोललीस तरच डबा' म्हणणं हा तर मानसिक छळ झाला, आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं तो मना केला आहे.

या मुलीच्या दुसरीच्या बाईंनी तज्ज्ञांच्या सल्ल्यानं वेगळी वाट धरली. शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं मायलेकींनी रिकाम्या वर्गात पत्ते खेळायचे. बाई आधी दाराबाहेर, काही दिवसांनी दारात, मग शेजारच्या बाकावर, वही तपासत, तिच्याकडे न बघता. मुलगी आईशी बोलत राहिली. पुढं बाई खेळात आल्या, आई हळूहळू बाहेर गेली, एक मैत्रीण आत आली. याला महिने लागले. मध्ये दिवाळीची सुटी आली आणि पुन्हा दोन पायऱ्या मागं यावं लागलं. लघवीसाठी दप्तरात एक लाल चिठ्ठी ठेवली, ती बाकावर ठेवली की पुरे. प्रश्न विचारायचा तो 'लाल हवा की निळा?' असा, आणि मग पाचएक सेकंद निमूट थांबायचं. पहिला शब्द निघाला तेव्हा बाईंनी टाळ्या पिटल्या नाहीत, खेळ पुढं चालू ठेवला. मला तर तेच सर्वांत अवघड वाटतं!

राहता राहिलं तोंडीकाम. आपल्या मूल्यमापनात त्याला गुण असतात, आणि अशी मुलं तिथंच मार खातात. बाईंनी कविता घरी मोबाइलवर म्हणून घेतली, एकटीनं ऐकली आणि गुण दिले. मुलगी हजेरीला अजून नुसता हात वर करते. बाई पुढचं नाव घेतात.