दास्यमुक्तीच्या कार्यातील स्त्रिया
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 गुलामगिरी नष्ट करण्याच्या कार्यात स्त्रियांनी काय केले, हा विषय मी निवडला. तो ऐकून आपल्यापैकीच एक बाई मला म्हणाल्या, "अहो, गुलाम होते ते तिकडे अमेरिकेत. त्यांचे कुर्डुवाडीत काय?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना इतकेच विचारले, की घरात कामाचा फार ताण पडला म्हणजे आपण वैतागून काय म्हणतो? "मी काय तुमची बटीक आहे का?" असेच ना! आपल्याकडे बटकी कधी नव्हत्याच, तर हा शब्द आपल्या तोंडी आला कोठून?

बटकी आपल्याकडे होत्या. पेशवाईत त्यांना कुणबिणी म्हणत. सरकारी कोठ्यांत, पागेत आणि मोठ्यांच्या वाड्यांत त्या दळण, कांडण, सारवण अशी कामे करीत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीसही दिल्या जात. कोणी दुष्काळात पोटासाठी विकली गेलेली, कोणी मोहिमेत धरून आणलेली, तर कोणी व्यभिचाराचा आरोप ठेवून दास्यात लोटलेली. त्यांना अन्न मिळे, लुगडे मिळे. मात्र उंबरा ओलांडून आपल्या मर्जीने जाण्याची मुभा त्यांना नसे.

आता इंग्लंडकडे वळू. तेथील गुलाम डोळ्यांसमोर नव्हते. ते दूर वेस्ट इंडीजच्या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबत आणि त्यांची साखर इंग्लंडच्या घरोघर चहात पडे. बायकांना मताचा अधिकार नव्हता, पार्लमेंटात जागा नव्हती. पण साखर कोणती आणावयाची हे घरात त्याच ठरवीत. १७९१ पासून हजारो घरांनी ती साखर सोडली. पुढे लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या बाईंनी १८२४ साली एक पुस्तिका काढली. मोठमोठे पुढारी तेव्हा म्हणत होते, की गुलामी हळूहळू, बेताबेताने घालवावी. हेरिकबाईंनी सांगितले, की अन्याय आहे हे एकदा पटले म्हणजे तो हळूहळू घालवायचा नसतो, ताबडतोब घालवायचा असतो. १८२५ साली बर्मिंगहॅमला स्त्रियांची संस्था निघाली आणि तिच्यासारख्या पुष्कळ निघाल्या. या बायका दारोदार जात, पत्रके वाटीत, हाताने शिवलेल्या पिशव्या विकून पैसा उभा करीत. विल्बरफोर्ससारख्या थोर पुढाऱ्यालाही बायकांनी असे घरोघर हिंडणे पसंत नव्हते. तरी त्या हिंडल्या. १८३३ साली सुमारे १,८७,००० स्त्रियांच्या सह्यांचा एक अर्ज पार्लमेंटपुढे गेला. त्याच वर्षी गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला.

यात आपल्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेस्ट इंडीजची साखर सोडलेल्या घरांत कित्येकदा हिंदुस्थानातली साखर येई आणि त्या भांड्यावर लिहिलेले असे, की ही साखर गुलामांनी केलेली नाही. पण १८३३ च्या त्या कायद्यातून कंपनी सरकारच्या ताब्यातला मुलूख वगळला होता! आपल्याकडच्या गुलामांना त्याचा काहीच उपयोग झाला नाही. येथे १८४३ साली निराळा कायदा झाला आणि गुलामावरचा मालकी हक्क कोर्टाने मानण्याचे थांबले. माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने, आणि ती अमलात आली १८६२ साली. म्हणजे आगगाडी सोलापूरला पोहोचली तेव्हाही तो गुन्हा झालेला नव्हता.

अमेरिकेतल्या दोन बहिणींची हकीकत मला सर्वांत जवळची वाटते. सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या त्या बहिणी. चार्ल्सटनच्या श्रीमंत, गुलाम बाळगणाऱ्या घरात त्या जन्मल्या. सारा लहान असताना तिच्या सेवेला एक गुलाम मुलगी होती. गुलामाला लिहिण्यास शिकविणे त्या प्रांतात कायद्याने मना होते. रात्री केस विंचरून घेण्याच्या निमित्ताने सारा दिवा मालवी, दाराच्या किल्लीचे भोक झाकी आणि शेगडीच्या उजेडात त्या मुलीला अक्षरे शिकवी. हे उघडकीला आले तेव्हा वडिलांनी तिची चांगलीच कानउघाडणी केली. पुढे दोघी बहिणी घर सोडून फिलाडेल्फियाला गेल्या आणि आपल्याच घरात पाहिलेले जाहीर सभांतून सांगू लागल्या. १८३८ च्या फेब्रुवारीत अँजेलिनाबाई मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे बोलल्या. अमेरिकेत असे बोलणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या नव्या सभागृहात बायकांची परिषद भरली असता बाहेर दंगेखोर जमले. गोऱ्या आणि काळ्या बायका एकमेकींचे हात धरून त्या गर्दीतून बाहेर पडल्या. रात्री सभागृह जाळण्यात आले.

जिने गुलामगिरी स्वतः भोगली त्या हॅरिएट टबमनबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८४९ साली त्या पळून सुटल्या. सुटल्यावर माणूस मागे वळून पाहात नाही, पण या बाई सुमारे तेरा वेळा परत गेल्या आणि सत्तरच्या आसपास माणसे रात्री-अपरात्री रानावनातून सोडवून आणली. अखेर १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी घटनेनेच बंद झाली.

या हकीकती महाराष्ट्रात अगदीच अपरिचित नव्हत्या. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. १८४८ पासून ते आणि सावित्रीबाई पुण्यात मुलींची शाळा चालवीत होते. अक्षरओळखीवाचून दास्य सुटत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी त्याच फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहण्यास पंडिता रमाबाई तेथे गेल्या. दोन वर्षांहून अधिक काळ त्या अमेरिकेत होत्या आणि परत आल्यावर १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. बायकांनी संस्था कशा काढाव्या, वर्गणी कशी जमवावी, हे त्यांनी तिकडे डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या धर्मांतरावरून आपल्याकडे फार वाद झाला. त्यात मी आज शिरत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या दुष्काळातल्या कामाविषयी.

१८९७ साली आपली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. त्याच सुमारास देशात मोठा दुष्काळ होता. रमाबाईंनी तरुणपणी आईवडील उपासमारीतच गमावले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या. तेथे अनाथ मुली, विधवा भुकेने हिंडत होत्या आणि त्यांना फसवून नेणारे दलाल टपलेले होते. रमाबाईंनी शेकडो मुली सोबत आणल्या. त्यांच्यासाठी उभारलेले 'मुक्तिसदन' आपल्याच लोहमार्गावर, दौंडच्या पलीकडे केडगावला आहे. १९०० सालच्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक मुली-बायका होत्या. त्या वाचावयास शिकल्या, विणकाम, शेती शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. पुण्याला जाताना आपण कितीदा केडगाव स्टेशन ओलांडतो! पुढच्या खेपेस ते आले म्हणजे खिडकीतून जरूर पाहा.

भगिनींनो, आता मी माझ्या घरची गोष्ट सांगते. ती आजवर चारचौघांत सांगितलेली नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. एक बाई आपली मुलगी घेऊन आमच्या दारी आली. ती खडी फोडण्याच्या कामावर जाणार होती. "हिला पोटावर ठेवा" एवढेच ती माझ्या आईला म्हणाली. मुलगी माझ्याच वयाची. आमच्याकडे ती जवळजवळ पाच वर्षे होती. माझी आई दुष्ट नव्हती. तिने त्या मुलीवर कधी हात उगारला नाही, दिवाळीला नवे परकर-पोलके केले, आजारपणात उशाशी बसली. "आम्ही तिला घरच्यासारखे वागवतो," असे आई शेजारणींना सांगे आणि ते तिला मनापासून वाटत असे. पण मी शाळेत जाई आणि ती पाणी भरी. मी निजे पलंगावर, ती चुलीपाशी पोते अंथरून. पगार किती, हे कोणी विचारले नाही. दुष्काळ सरला, तरी तिला घरी केव्हा पाठवायचे, हेही कोणी विचारले नाही.

एकदा दुपारी ती माझी पाटी घेऊन त्यावरची अक्षरे बोटाने गिरवीत बसली होती. मी पाटी हिसकावून घेतली आणि म्हणाले, "तुला काय करायची आहे?" ती काही बोलली नाही, उठून भांडी घासायला गेली. पुढे तिचे लग्न झाल्याचे कानावर आले. त्यानंतर ती मला कधी भेटली नाही.

साराबाईंची हकीकत मी वाचली तेव्हा मला ती दुपार आठवली. साराच्या प्रांतात शिकविणे गुन्हा होता, तरी तिने शिकविले. मला तर कोणीही मना केले नव्हते! आमच्या घरात माया होती, मोकळीक नव्हती. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे कळायला मला अर्धे आयुष्य लागले. कुणबिणींनाही लुगडी मिळतच होती.

आज आपण हळदीकुंकू करतो, पापड-कुरडया विकून मंडळाची शिल्लक वाढवतो, अर्जावर सह्या गोळा करतो. त्या इंग्लंड-अमेरिकेतल्या बायकांपाशीही याहून निराळी साधने नव्हती. त्यांनी आपल्या घरातल्या साखरेपासून आणि आपल्या सेवेतल्या मुलीपासून सुरुवात केली. आपल्यालाही फार दूर जावे लागणार नाही. आपल्या माढा तालुक्यात उसाचे फड आहेत. हंगामात दूरदूरच्या गावांतून तोडणीची कुटुंबे येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि हिशेब त्या कोयत्याचा होतो. उचल फिटली नाही, की पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. पण उचलीपायी माणूस अडकून पडतो आहे का, हे पाहण्याचे काम केवळ कायद्यावर सोपवून चालणार नाही. आईबाप पहाटे फडात गेले म्हणजे कोपीत धाकट्याला सांभाळीत बसते ती आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी असते.

म्हणून मंडळापुढे मी दोन विनंत्या ठेवते. पहिली अशी, की आपल्या सभासदांपैकी कोणाच्याही घरी शाळेच्या वयाची मुलगी कामाला असू नये. असल्यास पुढच्या महिन्यापासून किंवा दिवाळीनंतर असे न म्हणता उद्याच तिची शाळा सुरू व्हावी. दुसरी अशी, की यंदाच्या हंगामात आपल्यापैकी चौघी-पाचजणींनी जवळच्या कोप्यांवर जावे, मुलांची नावे लिहून घ्यावी आणि मुख्याध्यापकांना भेटून त्यांना शाळेत बसवावे. वह्या-पाट्यांचा खर्च मंडळाच्या शिलकेतून व्हावा. त्यातल्या पहिल्या पाटीचे पैसे मी आजच खजिनदारबाईंकडे देत आहे. ती कोणाच्या आठवणीसाठी आहे, हे आता आपणांस ठाऊक आहे.