रोज तेच पळणं पुरत नाही



पोलीस भरतीची जाहिरात निघो न निघो, माहूर, किनवट, हदगाव, हिमायतनगर या पट्ट्यात पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी मुलं-मुली बारा महिने दिसतात. कुणाला खाकी वर्दी हवी असते, कुणाला सैन्यात जायचं असतं, कुणाला जिल्ह्याची क्रॉसकंट्री मारायची असते. यातल्या बहुतेकांना प्रशिक्षक नाही आणि ट्रॅक तर नाहीच. शेतातलं काम, कॉलेज नाहीतर दुकानातली नोकरी सांभाळून त्यांचा सराव चालतो. आज मला या मुलांशी बोलायचं आहे. तुम्ही रोज पळता, मनापासून पळता, याबद्दल मला नितांत आदर आहे. पण तुम्ही रोज तेच पळता, आणि तिथंच घोडं अडतं.

यातल्या कुणालाही विचारा, "रोज किती पळतोस?" उत्तर येतं, "पाच किलोमीटर." "कसं पळतोस?" "होईल तेवढं जोरात." रस्ता तोच, परत फिरायचं ठिकाण तेच, वेगही तोच. सुरुवातीचे दोन-तीन महिने भरतीच्या सोळाशे मीटरची वेळ भराभर खाली येते आणि मुलगा खूश असतो. मग सहा मिनिटांच्या आसपास कुठंतरी गाडी रुतते. आता तो पाचाचे सात किलोमीटर करतो, सकाळबरोबर संध्याकाळीही पळतो. वेळ हलत नाही, उलट नडगी दुखायला लागते आणि पोटऱ्या दगडासारख्या होतात. मग ऐन भरतीच्या तोंडावर पोरगं घरी बसतं.

असं का होतं? आपण शरीराकडून रोज जेवढं मागतो, तेवढंच करायला ते शिकतं. एकाच मध्यम वेगात पळत राहिलं की ना पुरेसं हळू पळणं होतं, ना पुरेसं जोरात. पूर्ण वेगात खेचणाऱ्या स्नायूंना कामच मिळत नाही, आणि थकवा भरून निघेल असा हलका दिवसही मिळत नाही. शिवाय दमसास जितक्या लवकर वाढतो, तितक्या लवकर हाडं आणि स्नायूंचे बंध मजबूत होत नाहीत, त्यांना जास्त वेळ लागतो. आपले डांबरी रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. रोज एकाच कडेनं पळणाऱ्याचा एक पाय सतत खालच्या अंगाला पडतो. तो झिजणार नाही तर काय होईल? म्हणून पहिला बदल अगदी साधा. आठवड्यातून दोन-तीन दिवस डांबर सोडा, शेताचा बांध, गाडरस्ता, शाळेचं मैदान धरा. पावसाळ्यात काळी माती बुटाला किलो-किलोनं चिकटते हे मलाही ठाऊक आहे. तेव्हा मुरमाड रस्ता गाठा, आपल्या डोंगराळ भागात मुरमाला तोटा नाही.

दुसरा बदल मुलांना फार जड जातो, तो म्हणजे हळू पळणं. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं हळू. मित्र पुढं जातो तेव्हा मान खाली घालून त्याला जाऊ देणं तरुण पोराला सोसत नाही. पण आठवड्यातलं निम्म्याहून जास्त पळणं असंच असायला हवं. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना दर रविवारी सुमारे 35 किलोमीटर डोंगरात पळायला लावत. त्यांत पीटर स्नेलही होता, म्हणजे आठशे मीटरचा धावपटू! फक्त दोन फेऱ्यांची शर्यत पळणाऱ्याला एवढ्या लांब पळण्याचा काय उपयोग, असं अनेकांना वाटे. स्नेलनं 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठशेचं सुवर्ण जिंकलं आणि 1964 ला टोकियोत आठशे आणि पंधराशे अशी दोन्ही. तुम्ही 35 किलोमीटर पळावं असं मी म्हणत नाही, पळूही नका. पण सोळाशेची तयारी करणाऱ्यानं आठवड्यातून एकदा आठ-दहा किलोमीटर रमतगमत पळावं, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

मग वेग कधी वाढवायचा? त्यासाठी वेगळा दिवस ठेवा आणि त्या दिवशी हिशेबानं पळा. सोळाशे मीटर म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. सहा मिनिटं लागत असतील तर प्रत्येक फेरीला 90 सेकंद पडतात. साडेपाच मिनिटांत यायचं तर साडेब्याऐंशी सेकंदांची फेरी हवी. तो वेग शरीराला माहीतच नसेल, तर भरतीच्या दिवशी तो अचानक कुठून येणार? म्हणून चारशे मीटर ब्याऐंशी-त्र्याऐंशी सेकंदांत पळायचं, दोन-तीन मिनिटं चालायचं, पुन्हा चारशे. सुरुवातीला चार वेळा, पुढं सहा वेळा. शेवटची फेरी पहिलीइतकीच आली पाहिजे. पहिली पंचाहत्तरला आणि शेवटची शंभराला आली, तर तो सराव फसला असं समजा.

ट्रॅक नसेल तर रस्त्याकडेचे विजेचे खांब आहेत. दोन खांब जोरात, दोन खांब सावकाश, मग तीन जोरात, एक सावकाश. कुणी घड्याळ बघायचं नाही. गटातल्या प्रत्येकानं आळीपाळीनं पुढं यायचं आणि पुढचा म्हणेल तसं मागच्यांनी पळायचं. मागच्याला माहीतच नसतं की आता किती खांब ओढायचे आहेत, आणि शर्यतीत अगदी असंच होतं. 1930 च्या दशकात स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी जंगलवाटांवर अशी पद्धत बसवली, तिला फार्टलेक म्हणतात. सागाची जंगलं आपल्याकडेही आहेत. एकदा करून बघा, चार किलोमीटर कधी संपले कळत नाही.

आणि माहूरकरांना तर देवानं डोंगरच दिला आहे. रेणुकामातेचा गड, पुढं दत्तशिखर, अनसूया शिखर. रस्ता एकसारखा चढत-उतरत जातो. दुसऱ्या तालुक्यातल्या मुलांना एखादी टेकडी शोधत फिरावं लागतं, इथं ती दाराशी उभी आहे. चढावर पळताना वेग आपोआप कमी राहतो, म्हणून पायावर आदळआपट कमी होते आणि मांड्या-नितंबांना मात्र जबरदस्त काम पडतं. साधारण शंभर मीटरचा चढ निवडा. गुडघे उचलून, हात कोपरातून मागं खेचत, नजर दहा-बारा पावलं पुढं ठेवून वर जायचं. कमरेत वाकायचं नाही, वाकलं की दम कोंडतो. खाली येताना चालतच यायचं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जी कळ येते ती चढण्यापेक्षा उतरण्याची जास्त असते. सहा-आठ वेळा एवढं केलं की त्या दिवसाचं काम झालं.

देवीच्या पायऱ्यांवर सराव करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. विडा-तांबूल कुटणाऱ्या खलबत्त्यांचे आवाज सुरू व्हायच्या आत, भाविकांची गर्दी व्हायच्या आत तिथून निघा. नवरात्रात आणि पौर्णिमेला तिकडं पळायला जाऊच नका. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला तर वर्ष वाया जातं. आणि ती वाट आधी म्हाताऱ्या-कोताऱ्या भक्तांची आहे, नंतर आपली.

आता पळण्याबाहेरच्या गोष्टी. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांच्या सोळाशे आणि मुलींच्या आठशे मीटरबरोबर शंभर मीटर आणि गोळाफेकही असते. मुलांचा गोळा 7.260 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. पुष्कळ मुलं फक्त सोळाशेच्या मागं असतात आणि गोळ्याला आदल्या महिन्यात हात लावतात. गोळा हातानं जातो असं वाटतं, पण त्याला खरा जोर पायांतून आणि कमरेतून मिळतो. बैठका मारणाऱ्याचा गोळा लांब जातो आणि शंभर मीटरचा पहिला रेटाही जोरदार निघतो. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, लिंबाच्या फांदीला लोंबकळून पुलअप्स, यांना पैसा लागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे.

आपल्या तालमींना ही गोष्ट फार पूर्वीच कळली होती. पैलवान दिवसभर नुसत्या कुस्त्या खेळत नसे. हौद्यातली माती खणणं, जोर-बैठका, मुद्गल, करेला आणि मल्लखांब हे सगळं कुस्तीच्या जोडीला असे. मल्लखांब आज स्वतंत्र खेळ म्हणून ओळखला जातो, पण मल्लखांबाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांच्या काळात तो मल्लाच्या अंगात चपळाई आणि पकडीत बळ यावं म्हणून केला जाई. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 ला महाराष्ट्र केसरी झाले, ते याच तालमीच्या परंपरेतले. जुनी तालीम आपल्या गावात अजून उभी असेल तर पळणाऱ्या मुलांनीही तिचा उंबरा ओलांडावा. वस्ताद नाही म्हणणार नाहीत.

खो-खोचंही तसंच आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर लहानपणी खो-खो खेळायची. पुढं ती लांब पल्ल्याकडं वळली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली. एवढं यश हातात असताना तिनं स्टीपलचेस धरली. तीन हजार मीटरमध्ये 28 अडथळे आणि पाण्यावरून सात उड्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. 1984 ला पी. टी. उषा चारशे मीटर अडथळ्यांच्या अंतिम फेरीत पळाली, त्यानंतर 32 वर्षांनी एक भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी होती. खो-खोतला झटका आणि मॅरेथॉनचा दम, स्टीपलचेसला दोन्ही लागतात.

आणि आपल्या मराठवाड्याचा अविनाश साबळे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. सैन्यात गेल्यावर तो क्रॉसकंट्री पळू लागला आणि तिथून स्टीपलचेसकडे आला. 2018 ला भुवनेश्वरमध्ये त्यानं गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या पाच शतांश भागानं. मुलांनी याच्या पुढची गोष्ट लक्षात घ्यावी. याच साबळेनं 2020 ला दिल्लीत अर्ध मॅरेथॉन 1 तास 30 सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला, आणि 2022 ला पाच हजार मीटरचाही. एकवीस किलोमीटर, पाच किलोमीटर आणि तीन किलोमीटर अडथळ्यांसह, तिन्ही त्याच दोन पायांवर. एकाच अंतराला चिकटून राहिलं की त्यात निपुण होता येतं, ही समजूत साबळेकडं बघून तरी सोडून द्यावी.

हे ऐकून कुणी उद्यापासून सगळंच सुरू करेल, अशी मला भीती वाटते. तसं करू नका. हे मोठे खेळाडू दुपारी झोपू शकतात, तुम्ही दुपारी कापसावर फवारणी करत असता. पाठीवर सोळा लिटरचा भरलेला पंप घेऊन ढेकळांतून दिवसभर चालणं हा व्यायामच आहे. सरावाच्या वहीत तो लिहा. फवारणी किंवा सोयाबीनची काढणी झाली त्या दिवशी चारशेच्या फेऱ्या नकोत, हलकं पळा किंवा पळूच नका. मुलींनी पाण्याचे हंडे, वेचणी, स्वयंपाक हे सगळं त्यात मोजावं. आणि घरच्यांनीही मोजावं. पहाटे पळून आलेल्या पोरीला लगेच चुलीपुढं बसवू नका, दोन घास खाऊन तासभर टेकू द्या. कठीण दिवस आठवड्यात दोन, फार तर तीन. एक दिवस पूर्ण सुट्टी. सुट्टीच्या दिवशी चुकचुकल्यासारखं वाटतं, पण आठवडाभर केलेल्या कष्टाची भरपाई शरीर त्याच दिवशी करतं.

वेळ रोज लावू नका. तीन-चार आठवड्यांतून एकदा, मोजलेल्या सपाट मैदानावर लावा. मोबाइलवर दिसणारं अंतर घाटात आणि दाट झाडीत हमखास चुकतं. शाळेच्या मैदानावर दोनशे मीटरची फेरी टेपनं मोजून फक्की टाकून आखा, आठ फेऱ्यांत सोळाशे पूर्ण होतात. एकानं घड्याळ धरावं, एकानं प्रत्येक फेरीची वेळ मोठ्यानं सांगावी.

भरतीच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. तेव्हा नवा बूट नको, नवा व्यायाम नको. माहूर-किनवटहून रात्रीच्या गाडीनं निघून, स्टँडवर नाहीतर फूटपाथवर पहाट काढून मुलं थेट मैदानावर उभी राहतात. वर्षभराचा सराव त्या एका रात्रीत निघून जातो. नांदेड, लातूरमध्ये जी घरं आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, गावाकडचं कुणी भरतीला येणार असेल तर त्याला आदल्या दिवशीच बोलवून घ्या आणि लवकर जेवायला वाढा.