शिडाच्या होडीतला संसार

(शोळिंगनल्लूर येथे मंडळाच्या सभासदांपुढे केलेले भाषण)



आपल्या या वस्तीच्या पूर्वेस बकिंगहॅम कालवा आणि त्यापलीकडे बंगालचा उपसागर. पण समुद्राशी आपला संबंध संध्याकाळी वारा खाण्यापुरताच. त्याच्यावर महिनोन्‌महिने बिऱ्हाड करणाऱ्यांविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. त्यांच्या पराक्रमाची वर्णने पुष्कळ झाली आहेत; मला कुतूहल आहे ते त्यांच्या चुलीचे आणि अंथरुणाचे.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले व चार बंदरे घेत, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, १९ मे २०१० रोजी परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने असे करणारे ते पहिले भारतीय. होडी गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. लांबी ५६ फूट. आकडा ऐकून हायसे वाटते. परंतु शिडे, दोर, पाणी, इंधन आणि अवजारे यांची जागा वजा केली म्हणजे माणसाच्या वाट्यास फारच थोडी येते.

शिवाय हे घर कललेले असते. वारा एका अंगाने लागला की दिवसच्या दिवस भिंतीचा आधार घेत चालावयाचे. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, तीवर पातेले जखडलेले. तरी कढत भाताचे पातेले उतरविणे हे भर वाऱ्यात शीड उतरविण्याइतकेच जोखमीचे काम. निजावयाच्या फळीला कापडाची आड बांधतात, नाहीतर माणूस जमिनीवर यावयाचा. झोप तीही तुकड्यातुकड्यांची. दोघे असले, तर एकाने जागावे व दुसऱ्याने निजावे. एकाच घरात राहूनही निवांत बोलण्यास मुहूर्त लागतो! (असे काही संसार जमिनीवरही आढळतात.)

गोड्या पाण्याचे तर विचारूच नये. २०१९ च्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत आपण बादल्या मोजल्या, त्यामुळे हे दुःख आपणांस समजावून सांगावयास नको. खाऱ्या पाण्यात धुतलेले कपडे कधी पुरते वाळतच नाहीत; त्यांतले मीठ हवेतली ओल ओढून घेते. दक्षिणेकडील थंडीत तेच दमट कपडे पुन्हा अंगावर चढवावयाचे.

आणि काही बिघडले तर? सुतार, वीजतंत्री, वैद्य सारे आपणच. नौदलाच्या दिलना आणि पुदुच्चेरीच्या रूपा या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली. वाटेत त्या पॅसिफिकमधील नेमो बिंदूवरून गेल्या. तेथून कोणत्याही दिशेस जवळात जवळची जमीन सुमारे २,७०० किलोमीटर! माथ्यावरून अंतराळस्थानक जात असले, तर त्यातली माणसेच सर्वांत जवळची शेजारी. अशा ठिकाणी साधी दाढ दुखू लागणे म्हणजे काय, याचा आपणच विचार करावा. लाटांहून मला हेच अधिक भयंकर वाटते.

या सागरपरिक्रमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 'तारिणी' पहिली प्रदक्षिणा करून मे २०१८ मध्ये गोव्यास परतली, तेव्हा ते हयात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले. निवृत्तीनंतर त्यांचा मुक्काम फलटणजवळच्या विंचुर्णी गावी असे. तेथून समुद्र दिसत नाही.