टप चार मिलिमीटर खाली

आज मी बोलणार आहे प्लास्टिकच्या छोट्या मोटारगाड्यांबद्दल. चावी दिली की पळणारी खेळणी मला म्हणायची नाहीत. सुट्ट्या भागांचं खोकं आणून घरी जोडायच्या, घासायच्या, रंगवायच्या आणि मनाजोगं रूप द्यायच्या अशा प्रमाणबद्ध गाड्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

१९५८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एएमटी नावाच्या कंपनीनं असं एक खोकं बाजारात आणलं. त्यावर लिहिलेलं होतं ‘थ्री इन वन’. आत होती त्या वर्षीच्या खऱ्या गाडीची १/२५ प्रमाणातली प्रतिकृती आणि तिच्यासोबत काही जादा भाग. त्यांतून गाडी तीन तऱ्हांनी उभी करता येई: शोरूममधून निघते तशी, शर्यतीसाठी सजवलेली, किंवा ‘कस्टम’, म्हणजे मालकाच्या आवडीप्रमाणे रूप पालटलेली. कुठली करायची, हे जोडणाऱ्यानं ठरवायचं.

यामागे एक इतिहास होता. डेट्रॉइट आणि आसपासचा परिसर म्हणजे अमेरिकेच्या मोटारउद्योगाचं माहेरघर. तिथल्या एएमटी, जो-हॅन यांसारख्या कंपन्या मोटार विक्रेत्यांसाठी छोट्या नमुना-गाड्या बनवत. विक्रेता त्या गिऱ्हाइकाला दाखवायचा, रंग समजावून सांगायचा, आणि सोबत आलेल्या मुलाच्या हातात ती गाडी ठेवायचा. नमुना खऱ्या गाडीशी जुळणं आवश्यक असल्यामुळे त्याचे साचे फार काळजीनं घडवलेले असत. त्याच साच्यांमधून पुढे जोडणीची किट निघाली, म्हणून त्यांचा बांधा इतका अचूक होता.

आपल्याकडे दिवाळीत मुलं अंगणात किल्ला करतात, तेव्हा खोक्यातून कुठली गाडी करायची यासारखाच निर्णय घ्यावा लागतो. एकजण प्रतापगडाचं चित्र समोर ठेवून बुरूज मोजतो, दुसरा स्वतःच्या मनातला गड रचतो. पण मनातला गड रचणाऱ्यालाही दरवाजा कुठे शोभतो आणि तटबंदी कुठे वळते हे ठाऊक असावं लागतं. गाडीचंही तसंच आहे. रूप बदलायचा हक्क मूळ रूप नीट ओळखणाऱ्यालाच मिळतो. आज तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

‘कस्टम’ गाड्यांची हौस प्लास्टिकपासून सुरू झाली नाही. ती कॅलिफोर्नियातल्या गॅरेजांमधली. तिथे जॉर्ज बॅरिस आणि सॅम बॅरिस हे भाऊ लोकांच्या गाड्या कापून, खाली बसवून, जोड मिटवून नव्यानं घडवत. बॉब हिरोहाता या तरुणाची १९५१ची मर्क्युरी गाडी त्यांनी १९५२ साली अशीच घडवली. टप खाली उतरवलेला, दोन काचांमधला मधला खांब काढून टाकलेला, अंगावर हिरव्या रंगाच्या दोन छटा. आज ही गाडी अमेरिकेचा ऐतिहासिक ठेवा मानली जाते. अशा गाड्या नियतकालिकांतून झळकल्या, प्रदर्शनांतून फिरल्या, आणि ज्या मुलांना खरी गाडी घेणं परवडणार नव्हतं, त्यांनी टेबलावर त्याच गाड्या घडवायला घेतल्या. किट बनवणाऱ्या कंपन्यांनीही मग या कारागिरांनाच हाताशी धरलं. एएमटीनं जॉर्ज बॅरिसचं साहाय्य घेतलं, तर रेव्हेल कंपनीनं एड रॉथ या अवलियाच्या फायबरग्लासच्या गाड्या किटच्या रूपात आणल्या.

एकदा तर गंगा उलटी वाहिली. मोनोग्राम कंपनीसाठी टॉम डॅनियल यांनी ‘रेड बॅरन’ नावाची गाडी कागदावर रेखाटली. टपाच्या जागी पहिल्या महायुद्धातलं जर्मन शिरस्त्राण! १९६८ साली तिचं किट निघालं, आणि ते इतकं गाजलं की किट पाहून नंतर खरी, पूर्ण आकाराची गाडी बांधण्यात आली.

आता मूळ रूप ओळखायचं म्हणजे काय, हे एका कामातून सांगतो. जुन्या अमेरिकन गाडीचा टप खाली घेणं हे या छंदातलं सर्वांत मानाचं काम. १/२५ या प्रमाणाची एक गंमत आहे. खऱ्या गाडीवरचा एक इंच इथे जवळजवळ नेमका एक मिलिमीटर होतो. खऱ्या गाडीचा टप चार इंच उतरवला, तर आपल्याला चार मिलिमीटर उतरवायचा. ऐकायला किती सोपं वाटतं! खांबांमधून चार मिलिमीटरची पट्टी करवतीनं कापायची आणि टप खाली चिकटवायचा.

पण कापून पाहिलं की टप बसत नाही. का? कारण गाडीचे खांब सरळ उभे नसतात. पुढचे खांब मागे झुकलेले असतात, मागचे पुढे झुकलेले. वर जावं तसं त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. मधली पट्टी काढून टाकली की वरचा तुकडा खालच्या खुंटांपेक्षा आखूड पडतो. मग टप आडवा कापून मधे प्लास्टिकची पट्टी भरायची, किंवा पुढचे खांब आणखी मागे कलवायचे. टप लांबला की त्याची कमान बदलते. कमान बदलली की मागची काच बसत नाही, ती पारदर्शक पत्र्यातून नव्यानं कापावी लागते. काचा बुटक्या झाल्या की आतल्या सीटची पाठ उंच दिसायला लागते, तीही खाली घ्यावी लागते. मग स्टिअरिंग. मग चाकं, कारण टप उतरल्यावर अंग जड दिसतं आणि गाडी जमिनीलगत आणावीशी वाटते. चाकं वर सरकवली की ती मडगार्डला घासणार नाहीत हे पाहणं आलं.

गाडीतली कुठलीही रेघ एकटी नसते. एक हलवली की शेजारची हलते. मूळ गाडीच्या रचनाकारानं त्या रेघांचा मेळ कसा घातला होता, हे त्या दिवशी हाताला कळतं. नुसत्या बघण्यातून ते कधीच कळलं नसतं. म्हणूनच मी या छंदाला शिक्षण मानतो.

आता थोडं साहित्याबद्दल. किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. वितळलेलं प्लास्टिक दाब देऊन पोलादी साच्यात भरलं जातं, आणि थंड झालं की सगळे भाग एका चौकटीला लटकलेले बाहेर येतात. ते हातानं पिळून तोडू नयेत. धारदार कटरनं थोडं अंतर राखून कापावेत आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरनं घासावा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात, तिथे गाडीच्या अंगावर एक बारीक उंचवटा राहतो. खऱ्या गाडीवर तो नसतो, म्हणून इथेही तो जायलाच हवा.

पॉलिस्टायरीनचं सिमेंट डिंकासारखं वरवर चिकटवत नाही. त्यातला द्राव दोन्ही कडा विरघळवतो, आणि द्राव उडून गेला की दोन तुकड्यांचं एकच अंग होतं. म्हणून थेंबभर पुरतो आणि घाई चालत नाही. जोड मऊ असताना घासला तर पुढे तिथे खड्डा पडतो. फटी बुजवायला लांबी भरायची, वाळू द्यायची, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं सपाट करायची, आणि मग करडा प्रायमर. प्रायमर हा या कामातला परीक्षक. डोळ्यांना न दिसलेला प्रत्येक ओरखडा तो दाखवून देतो.

रंगाचा हात पातळ हवा. जाड थर दारांच्या आणि बॉनेटच्या फटी बुजवून टाकतो, म्हणून रंगाआधी त्या सुईनं हलकेच खोल करून घेतात. खऱ्या गाडीचा चकाकणारा मेटॅलिक रंग इथे तसाच मारला तर गाडी खोटी दिसते. गाडी पंचवीसपट लहान झाली, पण रंगातली चमकी तेवढीच राहिली! त्यासाठी बारीक चमकीचा रंग शोधावा लागतो. एनॅमलवर कडक लॅकर मारला तर खालचा रंग सुरकुततो, हाही नियम सुरुवातीलाच लक्षात ठेवावा. क्रोमच्या पट्ट्यांसाठी अतिशय पातळ, चिकट धातूची फॉइल मिळते. ती पट्टीवर पसरायची, काडीनं दाबून बसवायची आणि नव्या पात्यानं कडेकडेनं कापायची. आणि हे सगळं खिडक्या उघड्या ठेवून, कारण थिनर आणि सिमेंटची वाफ अंगाला चांगली नाही.

आणखी एक सवय फार मोलाची. उरलेला कुठलाही भाग फेकायचा नाही. ‘थ्री इन वन’ खोक्यातून एक गाडी झाली की दोन गाड्यांचे भाग शिल्लक राहतात. एका किटचं इंजिन, दुसऱ्याची चाकं, तिसऱ्याची जाळी, असं जमवता जमवता कुठल्याच कंपनीनं न काढलेली गाडी जन्माला येते. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या अवकाशयानांच्या नमुन्यांवर जो बारीक यांत्रिक पसारा दिसतो, तोही रणगाडे, विमानं वगैरेंच्या अशाच बाजारी किटमधल्या भागांतून उभारलेला होता.

अमेरिकेनं बदलण्याचं धाडस शिकवलं, तर जपाननं नेमकेपणा शिकवला. शिझुओका हे जपानी प्लास्टिक मॉडेलचं प्रमुख केंद्र. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या सगळ्या कंपन्या तिथल्या. तामिया मुळात लाकडाचा व्यवसाय करणारी कंपनी. १९७६ साली त्यांनी पोर्शे ९३४ या शर्यतीच्या गाडीचं १/१२ प्रमाणातलं किट काढलं. माहिती अपुरी पडते म्हणून शुनसाकू तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचे भाग सुटे करून अभ्यासले. एका किटसाठी! नुसत्या किटमधून तो खर्च भरून निघणं कठीण होतं, म्हणून त्याच अंगाखाली मोटर बसवून रेडिओ नियंत्रणावर पळणारी गाडी त्यांनी बाजारात आणली, आणि त्यातून कंपनीचं एक नवं दालन उघडलं. जुन्या गाडीचा टप कापणारा कॅलिफोर्नियातला मुलगा आणि पोर्शेचा स्क्रू न् स्क्रू मोजणारे तामिया मला एकाच पंथाचे वाटतात. दोघांनीही गाडी आधी मनापासून पाहिली होती.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांना एवढंच सांगेन. साधं, कमी भागांचं किट घ्या. सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचा. सिमेंट लावण्याआधी मास्किंग टेपनं अंग, सांगाडा आणि चाकं एकत्र धरून कोरडी जुळणी करा. पहिल्या गाडीत एकच बदल करा आणि तो पुरा करा.

हात बसला की आणखी एक काम आपली वाट पाहत आहे. प्रीमियर पद्मिनी. फियाट ११००वरून आलेली, कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात मुंबईकरांना रोज भेटलेली गाडी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून मुंबईत धावत नाही. १/२४ प्रमाणात तिची लांबी साधारण सोळा सेंटीमीटर भरेल. प्लास्टिकच्या कोऱ्या पत्र्यातून ती उभी करणं आज शक्य आहे. टॅक्सीचं मीटर, टपावरचं कॅरिअर, मागच्या काचेवरची अक्षरं, सगळं करता येईल. त्यासाठी अडतं ते मापांशी. बॉनेटची रुंदी, दाराची उंची, मागच्या पंखांचा उतार कुणीतरी खऱ्या गाडीवर टेप धरून लिहून ठेवायला हवा. म्हणून श्रोत्यांना एक विनंती करतो. तुमच्या अंगणात, गॅरेजात जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर उभी असेल, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी टेप आणि वही घेऊन दारात आली, तर तिला हाकलू नका. गाडीवरचं आच्छादन काढा आणि तिला मनसोक्त मोजू द्या.